महाग बर्बनमध्ये नेमकं काय विकत मिळतं?

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो. आम्ही चार जुने मित्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसतो. वर्षभरात चार बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्की, चाखून झाल्या : जिम बीम व्हाइट, मेकर्स मार्क, वुडफर्ड रिझर्व आणि वाइल्ड टर्की १०१. काही इथल्या दुकानातून, काही येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून. मला वाइल्ड टर्की सगळ्यांत आवडली, पण मित्र म्हणतात, तुला महागाची चव कळत नाही. डिसेंबरात माझी साठी आहे. शिकागोहून भाचा येतोय, बाटल्या आणतो म्हणाला. मित्रांचा आग्रह ब्लँटन्स नाहीतर पॅपी व्हॅन विंकलचा आहे. भाच्याला दोनशे डॉलरच्या वर खर्चात पाडायचं माझ्या मनात नाही. महाग बाटली खरंच तेवढी चांगली असते का? दुसरं असं, की मागच्या दिवाळीत उघडलेली एक महागडी बाटली तळाशी चार बोटं उरली होती. जूनमध्ये काढली तर अगदी फिकी लागली. ती नकली असेल का? आणि बर्बनवरचा आयात कर कमी झाला म्हणतात, मग दुकानातला भाव तेवढा का उतरला नाही?

उत्तर : नमस्कार. तुमची जीभ बरोबर सांगते आहे. चार बाटल्यांची लेबलं शेजारी-शेजारी ठेवून बारीक अक्षरातले आकडे वाचा. जिम बीम व्हाइटमध्ये अल्कोहोल ४० टक्के, मेकर्स मार्कमध्ये ४५, वुडफर्डमध्ये ४५.२ आणि वाइल्ड टर्की १०१ मध्ये ५०.५. तो १०१ म्हणजे अमेरिकी पद्धतीचं प्रूफ आहे. त्याला दोनाने भागलं की टक्के मिळतात. बर्बनमध्ये भाव आणि चव यांची गाठ जिथे सर्वांत घट्ट बसते ती जागा हीच, आणि नेमकी हीच गोष्ट बरेच लोक बघत नाहीत.

पिंपातून निघालेली बर्बन बाटलीत भरण्याआधी तिच्यात पाणी मिसळतात. जितकं पाणी जास्त, तितका लाकडाचा आणि धान्याचा अंश पातळ. शिवाय कमी टक्क्यांची व्हिस्की थंडीत गढूळ दिसू नये म्हणून बरेचदा गार करून गाळतात. त्या गाळणीत तोंडाला जाडसरपणा देणारे तेलकट घटकही थोडे निघून जातात. वाइल्ड टर्कीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. कायद्याने बर्बन पिंपात घालताना जास्तीत जास्त ६२.५ टक्के चालते, ही मंडळी मात्र ती ५७.५ टक्क्यांवरच पिंपात घालतात. सुरुवातच खालून केल्यामुळे शेवटी पाणी कमी घालावं लागतं. मेकर्स मार्क तर ५५ टक्क्यांवरच पिंपात जाते.

पैशाच्या भाषेत मांडायचं तर ७५० मिलीच्या १०१ च्या बाटलीत साधारण ३७९ मिली निव्वळ अल्कोहोल असतं, ४० टक्क्यांच्या बाटलीत ३०० मिली. म्हणजे तुमची १०१ घरी ४० टक्क्यांवर आणली तर तिची जवळजवळ ९४७ मिली होईल. दोन बाटल्यांच्या भावाची तुलना करताना आधी हा हिशेब करावा. लोकांना हा फरक किती जाणवतो त्याचं उदाहरण मेकर्स मार्कचंच आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये मागणी भागत नाही म्हणून कंपनीने बाटली ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. पिणाऱ्यांनी इतका गलका केला की आठवडाभरातच निर्णय मागे घ्यावा लागला. तीन टक्क्यांसाठी.

आता स्वस्त बर्बनबद्दल. तिला कमी लेखू नये, कारण कायदा तिला फार खाली घसरू देत नाही. किमान ५१ टक्के मका, ऊर्ध्वपातनातून निघताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नाही, आतून जाळलेलं नवं कोरं ओकचं पिंप, बाटलीत किमान ४० टक्के, आणि वरून रंग किंवा चव घालायची नाही. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बनला त्या देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. केंटकी या तिच्या मुख्य राज्याच्या बाहेर, अमेरिकेत कुठेही ती बनवता येते, पण अमेरिकेबाहेर नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीचा पाया उसाच्या मळीच्या स्पिरिटचा असतो. त्या सवयीने आपण ‘स्वस्त म्हणजे भेसळीची’ असं धरून चालतो. बर्बनला ते लागू पडत नाही. सर्वांत स्वस्त स्ट्रेट बर्बनसुद्धा धान्याचीच असते आणि किमान दोन वर्षं नव्या पिंपात राहिलेली असते. वय चार वर्षांपेक्षा कमी असेल तर तसं लेबलवर लिहावंच लागतं. लिहिलं नसेल तर ती चार किंवा जास्त वर्षांची आहे असं समजा.

लेबलवरचे कोणते शब्द वजनदार आणि कोणते नुसते सजावटीचे, हेही पाहून ठेवा. ‘स्मॉल बॅच’ला कायद्यात व्याख्याच नाही. वीस पिंपं एकत्र केली तरी स्मॉल बॅच, दोनशे केली तरी तेच. ‘रिझर्व’चंही तसंच. ‘स्ट्रेट’ला अर्थ आहे : किमान दोन वर्षं नव्या पिंपात. वर्षांचा आकडा छापलेला असेल तर तो त्या बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. आणि ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द दिसले तर बाटली हातात घेऊन नीट बघा. १८९७ च्या कायद्याप्रमाणे तशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात राहिलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची असावी लागते. एव्हन विल्यम्सची बॉटल्ड इन बाँड अमेरिकेत वीस डॉलरच्या आसपास मिळते. त्या भावात तिच्या तोडीची बाटली सापडणं कठीण आहे.

तुमच्या मित्रांना मेकर्स किंवा वुडफर्ड का आवडत असेल, याचं उत्तर धान्यात आहे. मक्यानंतर दुसरं धान्य कोणतं घातलं, यावर बर्बनचा स्वभाव ठरतो. मेकर्स मार्कमध्ये ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, जव असतं. राय, म्हणजे गव्हासारखंच एक धान्य, अजिबात नाही. त्यामुळे ती मऊ, पावाच्या कवचासारखी, मधाकडे झुकणारी लागते. वुडफर्डमध्ये १८ टक्के राय आहे आणि वाइल्ड टर्कीत १३. राय म्हणजे मिरं, दालचिनी आणि घशाशी राहणारी धग. फोर रोझेसच्या एका पाककृतीत राय ३५ टक्क्यांपर्यंत जाते. राय कमी असूनही तुमची टर्की वुडफर्डपेक्षा तिखट वाटते, कारण तिथे टक्केवारी जास्त आहे आणि पिंपं आतून खोलवर जाळलेली आहेत. म्हणजे तुमच्या चौघांतला वाद महाग-स्वस्ताचा मुळीच नाही, धान्याचा आणि टक्केवारीचा आहे. मेकर्स आवडणाऱ्याला १०१ बहुधा आवडणार नाही, ती दुप्पट भावाची असती तरीही.

वयाकडे येऊ, कारण महाग बाटल्यांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपात मुरते, त्यातली बरीच पिंपं बर्बनचीच असतात. ती अठरा-वीस वर्षं सहज मुरू शकते, कारण लाकडातला पहिला जोर बर्बनने आधीच शोषून घेतलेला असतो. बर्बनला मात्र दर वेळी नवं पिंप. शिवाय केंटकीचा उन्हाळा कडक. गोदामाच्या वरच्या मजल्यांवर उष्णता इतकी असते की व्हिस्की लाकडात आत शिरते, हिवाळ्यात बाहेर येते आणि लाकूड भराभर उतरतं. जाळलेल्या थराखालच्या करपलेल्या साखरेतून कॅरमल, लाकडाच्या लिग्निनमधून व्हॅनिला, आणि जोडीला तुरटपणा देणारं टॅनिनही. सहा ते बारा वर्षांत हा तोल बहुतेक छान बसतो. पंधराच्या पुढे टॅनिन वर यायला लागतं आणि जुन्या फर्निचरच्या खणासारखा कडवट, कोरडा सूर लागतो. काहींना तो आवडतो, तो त्यांचा हक्क. पण ‘जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली’ हा स्कॉचच्या दुकानातून उचललेला नियम बर्बनला लावला की पैसे वाया जातात. आमच्या मते बर्बनमध्ये नऊ ते बारा वर्षांच्या पलीकडे वयासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

जुन्या बाटलीचा खर्च खरोखरच जास्त असतो, हेही मान्य करायला हवं. पिंप सुमारे २०० लिटरचं. बाष्पीभवनाने वर्षाला ४ टक्के उडतात असं धरलं तर दहा वर्षांनी साधारण १३३ लिटर उरतात, वीस वर्षांनी ८८. म्हणजे वीस वर्षांच्या पिंपातून दहा वर्षांच्या मानाने दोन तृतीयांश माल निघतो. त्यावर दहा वर्षं जास्तीचं गोदामभाडं आणि अडकलेलं भांडवल. या सगळ्यामुळे बाटली दुप्पट, फार तर तिप्पट महाग होणं समजू शकतं. पॅपी व्हॅन विंकलच्या बाटल्या कंपनीने ठरवलेल्या भावाच्या दहापट आणि त्याहूनही वर विकल्या जातात. त्या वाढीत लाकूडही नाही, धान्यही नाही. ती निव्वळ टंचाई आहे.

पॅपीत आहे काय? गव्हाची बर्बन. ती बफलो ट्रेस डिस्टिलरीत बनते आणि तिथेच त्याच धान्य-मिश्रणातून वेलर नावाची बर्बन निघते. पिंपं वेगळी, गोदामातली जागा वेगळी, वर्षं वेगळी, पण मिश्रण एकच. ब्लँटन्सही तिथलीच. ती १९८४ मध्ये बाजारात आली. एका बाटलीत एकाच पिंपाची व्हिस्की, ही कल्पना आजच्या स्वरूपात तिनेच रूढ केली, त्याबद्दल तिचा मान मोठा आहे. ४६.५ टक्के, वयाचा आकडा नाही, बुचावर घोडा आणि स्वार. घोड्याच्या आठ वेगवेगळ्या मुद्रा असतात आणि प्रत्येकीवर नावातलं एकेक अक्षर. लोक आठही बुचं जमवतात, बाटलीचा भाव चढायला तेही एक कारण आहे. बर्बन चांगली आहे, गोडसर, संत्र्याच्या सालीची आठवण देणारी. कंपनीच्या भावात, म्हणजे साधारण ६५ ते ७५ डॉलरला मिळाली तर जरूर घ्यावी. पण बहुतेक दुकानांत ती १२० च्या पुढे असते, आणि त्या भावात आमचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. पॅपीचा विचार तर दोनशे डॉलरात करूच नका. कुणी स्वस्तात देत असेल तर जास्तच सावध राहा. पॅपीच्या रिकाम्या बाटल्यांनाही गिऱ्हाईक असतं आणि त्या पुन्हा भरून विकल्या जातात.

तुमच्यासाठी आमची निवड अशी. तुम्हाला १०१ आवडते, तर भाच्याला ‘रसेल्स रिझर्व सिंगल बॅरल’ आणायला सांगा. डिस्टिलरी तीच, धान्य-मिश्रण तेच, खोलवर जाळलेली पिंपं तीच. फक्त एका निवडक पिंपाची, ५५ टक्क्यांची आणि गार करून न गाळलेली. अमेरिकेत साधारण ६० ते ७० डॉलर. इथे जास्तीचे पैसे कशाचे, ते बोट ठेवून दाखवता येतं. दुसरी बाटली मित्रांसाठी ‘मेकर्स मार्क कास्क स्ट्रेंग्थ’. तीच गव्हाची मऊ बर्बन, पण ५४ ते ५७ टक्क्यांच्या घरात, पन्नास डॉलरच्या आसपास. दोन्ही मिळून सव्वाशे डॉलर धरा. तिथला विक्रीकर धरूनही तुमच्या मर्यादेच्या बरंच आत. नावात गोंधळ होऊ देऊ नका. ‘रसेल्स रिझर्व’ नावाची दहा वर्षांची ४५ टक्क्यांची बाटलीही असते. ती वाईट नाही, पण १०१ च्या तुलनेत तुम्हाला पातळ वाटेल. भाच्याला लेबलचा फोटो पाठवा आणि ‘सिंगल बॅरल, ११० प्रूफ’ असं लिहून द्या. रसेल्स मिळाली नाही तर ‘फोर रोझेस सिंगल बॅरल’, ५० टक्के. तीही नसेल तर ‘नॉब क्रीक’, नऊ वर्षं, ५० टक्के. नॉब क्रीकने २०१६ मध्ये लेबलवरून नऊ वर्षांचा आकडा काढला होता आणि २०२० मध्ये परत आणला, म्हणून आकडा असलेली बाटली बघून घ्यावी.

भाच्याच्या सामानाचं. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, चिंता नाही. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि वरच्यावर शुल्क लागतं. दुकानातून घेतलेल्या बाटल्या चेक-इन बॅगेतच जायला हव्यात, १०० मिलीच्या वरचं द्रव हातातल्या पिशवीतून सुरक्षा तपासणीत सोडत नाहीत. विमानात ७० टक्क्यांच्या वरचं मद्य मुळीच चालत नाही, तुमच्या दोन्ही बाटल्या त्याच्या खाली आहेत. बुचावरून गळ्याभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे, मग झिपची प्लॅस्टिक पिशवी, मग जाड मोजा, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत, कडेला नाही. विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधून घेतली तर सीलबंद पिशवी पावतीसकट तशीच ठेवावी. मुंबई किंवा दिल्लीला सामान परत जमा करताना ती मोठ्या बॅगेत घालावी आणि मगच इंदूरचं विमान पकडावं.

मित्रांचा टोमणा मिटवायचा असेल तर वाद घालू नका, चाचणी घ्या. फार सोपी आहे. तुमच्याकडची १०१ आणि नवी रसेल्स, दोन्ही आधी ४५ टक्क्यांवर आणा, म्हणजे जीभ नुसती धग ओळखून उत्तर देणार नाही. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. १०१ ची १२० मिली मोजून तिच्यात १५ मिली पाणी, रसेल्सच्या १२० मिलीत २७ मिली पाणी. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्यांत झाकून अर्धा तास ठेवा. पाणी घातल्या-घातल्या वास विस्कटलेला असतो, जरा बसू द्यावा. पाणी बोरिंगचं नको. क्षाराने चव बोथट होते आणि कधी गढूळपणाही येतो. नर्मदेचं पाणी उकळून गार केलेलं चालेल, पण आरओचं किंवा साधं बाटलीबंद उत्तम. सोडा नाही, बर्फ नाही.

मग घरातल्या कुणातरी न पिणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात प्रत्येकासाठी तीन ग्लास भरायचे, प्रत्येकी १० मिली. दोन ग्लासांत एकच बर्बन आणि तिसऱ्यात दुसरी. ग्लासाच्या बुडाला चिठ्ठी, नोंद वहीत. पिणाऱ्याने एवढंच सांगायचं, की वेगळा ग्लास कोणता. चौघांच्या प्रत्येकी दोन फेऱ्या, एकूण आठ. चार फेऱ्यांत १०१ दोन ग्लासांत ओतायची, चार फेऱ्यांत रसेल्स. माणशी एकूण ६० मिली होते, म्हणजे नेहमीचा एक मोठा पेग. आठपैकी सहा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर फरक खरा मानावा, कारण नुसत्या नशिबाने तेवढी बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोन आहे. तीन-चारच आली तर तुमच्या टेबलापुरतं तरी त्या दोन बाटल्यांत फरक नाही, आणि पुढच्या वेळी १०१ च आणावी. फरक कळला तर आणखी एकदा विचारा की आवडली कोणती. फरक कळणं आणि महागातली जास्त आवडणं, या दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र करतात.

चाचणीआधी तासभर लसूण शेव, कांदा, जिरावन मसाला आणि पान बंद. हे इंदुरात सांगणं अवघड आहे, पण जिरावन एकदा जिभेवर बसलं की बर्बनमधलं मिरं आणि दालचिनी शोधून सापडत नाही. साधा पाव आणि पाणी समोर ठेवा. ग्लास वर निमुळता होणारा हवा, वाइनचा छोटा असला तरी चालेल. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. चाचणी संपली की भुट्ट्याचा कीस काढा. मक्याची आणि दुधाची ती गोडी मेकर्सशी फार छान जुळते. डिसेंबर आहे, गराडू, म्हणजे तळलेला कंद, होणारच. त्याला लिंबू-जिरावन असल्यामुळे मऊ बर्बन झाकली जाते. तिथे रसेल्स किंवा १०१ टिकून राहते.

रोजच्या पिण्यात तुम्ही बर्फ आणि सोडा घेत असाल, तर तोही हिशेब पाहा. ६० मिली व्हिस्कीत ६० ग्रॅम बर्फ वितळला की ४० टक्क्यांची २० वर येते, १०१ ची २५ वर. त्यात थंडीने वास दबतो. १२० मिली सोडा घातला तर ४० वाली १३ टक्क्यांवर, १०१ जवळजवळ १७ वर. म्हणून सोड्यात घ्यायची असेल तर जिम बीम किंवा एव्हन विल्यम्स पुरेशी आहे, आणि कोल्ड्रिंकमध्ये महाग बर्बन ओतणं म्हणजे ती वाया घालवणं आहे. नुसती प्यायची असेल तर ६० मिली १०१ ला दीड चमचा पाणी, ती ४५ टक्क्यांवर येते. रसेल्सच्या ६० मिलीला अडीच चमचे. मे महिन्यात मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला वीस-बावीस अंशांच्या खोल्यांतला आहे. इंदुरात दुपारी घर ३५ अंशांवर असतं. त्या उष्णतेत अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते आणि चांगली बर्बनही स्पिरिटसारखी भासते. बाटली वीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवा, नंतर ग्लासात पाच मिनिटं तशीच राहू द्या.

तुमची फिकी झालेली बाटली नकली असण्याची शक्यता कमी वाटते. नकली असती तर दिवाळीतच कळलं असतं. चार बोटं व्हिस्की आणि वर सगळी हवा, त्यात एप्रिल-मे-जून. बाटली रिकामी होत जाते तशी आत हवा वाढते. नाजूक फळांचे वास त्या हवेत उडतात, काही ऑक्सिजनने बदलतात, आणि उष्णतेत हे सगळं वेगाने होतं. दर वेळी बूच उघडलं की ती वासाची हवा बाहेर आणि नवी आत. शोकेसमध्ये उन्हाच्या समोर असेल तर प्रकाशानेही रंग आणि चव उतरते. बाटली अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर खुशाल टिकते. एक तृतीयांशाच्या खाली गेली की महिना-दोन महिन्यांत संपवावी, नाहीतर उरलेली लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. व्हिस्कीचाच १८० मिलीचा रिकामा काचेचा पव्वा गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून वापरला तर उत्तम. प्लॅस्टिकची बाटली नको. बाटली नेहमी उभी ठेवावी. वाइनसारखी आडवी ठेवली तर इतक्या टक्क्यांचं अल्कोहोल बूच खातं, मग ते उघडताना तुटतं. तुटलंच तर स्वच्छ सुती कापडातून गाळून दुसऱ्या बाटलीत भरा, बर्बन बिघडत नाही. जागा म्हणाल तर आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा. पश्चिमेची भिंत आणि गॅसच्या वरचं फडताळ टाळावं.

कराचा प्रश्न राहिला. १३ फेब्रुवारी २०२५ पासून बर्बनवरचं एकूण सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आलं : ५० टक्के मूळ शुल्क आणि ५० टक्के कृषी उपकर. समजा बाटलीची आयात किंमत १,००० रुपये आहे. आधी शुल्कासकट २,५०० होत होते, आता २,०००. म्हणजे त्या टप्प्यावर घट २० टक्क्यांची, पन्नास टक्क्यांची नाही. त्यानंतर आयातदाराचा नफा, राज्याचं उत्पादन शुल्क, वाहतूक, ठेकेदाराचा वाटा. त्यातला मोठा हिस्सा त्या सवलतीने हलत नाही, म्हणून काउंटरवर पोचेपर्यंत फरक आणखी बारीक होतो. याच करामुळे इथल्या भावाची उतरंड केंटकीतल्यासारखी राहत नाही. अमेरिकेत पंधरा-वीस डॉलरला मिळणारी जिम बीम इथे बऱ्या स्कॉचच्या पंगतीत जाऊन बसते. म्हणून इंदुरात स्वतःच्या पैशाने घेताना पॉल जॉन ब्रिलियन्सही पाहावी. ४६ टक्के, गोव्याच्या उष्णतेत बर्बनच्याच पिंपांत मुरलेली. जवाची असल्यामुळे मक्याची गोडी नाही, पण व्हॅनिला आणि मध भरपूर आहे, आणि तिच्यावर आयात कर नाही.

साठीच्या संध्याकाळी क्रम उलटा होऊ देऊ नका : आधी मेकर्स, मग १०१, शेवटी रसेल्स. रायची धग आधी बसली तर गहू सपाट लागतो. आणि रसेल्स त्या दिवशी उघडण्यापेक्षा दोन दिवस आधी उघडून एक छोटा पेग काढून ठेवा. ५५ टक्क्यांची ताजी बाटली पहिल्या ओतण्यात जरा आवळलेली असते, वर थोडी हवा मिळाली की मोकळी होते.